धाप लागण्याचे कारण शोधलेच पाहिजे

ताप आला म्हणजे घरातील मनुष्य प्रथम कपाळास हात लावून पाहतो, मग तापमापी शोधतो, आणि आकडा वाढलेला दिसला की ताप कशामुळे आला असावा याची चौकशी सुरू होते. हिवताप की विषमज्वर, घसा सुजला की जखम चिघळली, असे प्रश्न विचारले जातात. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण होय, ही गोष्ट आता इतकी सर्वमान्य झाली आहे की ती कोणास समजावून सांगावी लागत नाही.

धापेच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. साठीच्या माणसास चालताना दम लागू लागला, तर ‘आता वय झाले’ असे म्हटले जाते. गर्भवती स्त्रीस पाण्याची घागर आणताना धाप लागली, तर ‘अशक्तपणा आहे’ असे सांगून तिला दूध पिण्याचा सल्ला मिळतो. दगडखाणीतील मजुराची छाती भरून आली, तर ‘धंदाच तसा आहे’ असे उत्तर मिळते. आणि धापेबरोबर खोकला असला की ‘दमा’ हे नाव देऊन सर्वच जण मोकळे होतात. या चारही उत्तरांत एक दोष समान आहे. ती प्रश्न मिटवितात, परंतु कारण सांगत नाहीत. वय, अशक्तपणा आणि धंदा ही निदाने नव्हेत. दमा हे निदान खरे, पण ते तपासणीअंती ठरावयाचे असते, आरंभी नव्हे.

सतत वा वारंवार लागणाऱ्या प्रत्येक धापेस कारण असते, त्यांपैकी पुष्कळ कारणे साध्या साधनांनी ओळखता येतात, आणि त्यांतील कित्येकांवर परिणामकारक उपचार आहेत. म्हणून ज्याप्रमाणे ताप मोजला जातो त्याचप्रमाणे श्वासही मोजला गेला पाहिजे, आणि धापेचे कारण शोधणे हे घराने, शाळेने व सरकारी दवाखान्याने आपले नित्याचे काम मानले पाहिजे. ही मागणी अवास्तव नाही. प्रथम श्वासाची यंत्रणा समजून घेतली, म्हणजे ती किती रास्त आहे हे वाचकांच्या ध्यानात येईल.

श्वास अपुरा का वाटतो

निरोगी प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या स्थितीत मिनिटास सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो, आणि प्रत्येक वेळी साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. दिवसाकाठी ही संख्या वीस हजारांच्या आसपास जाते. तरीही श्वास घेतल्याची जाणीव त्यास क्वचितच होते. ही जाणीव होऊ लागणे, श्वास कष्टाने घ्यावा लागणे किंवा घेतलेला श्वास पुरेसा न वाटणे, यासच धाप असे म्हणतात.

श्वासनलिका विभागत विभागत शेवटी वायुकोशांपर्यंत पोहोचते. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, आणि त्यांचा पृष्ठभाग सपाट पसरला तर तो सुमारे सत्तर चौरस मीटर भरेल. याच पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो.

श्वासाचा वेग ठरविणारे केंद्र मेंदूच्या तळाशी आहे. रक्तातील प्राणवायू कमी झाला म्हणजेच श्वास वाढतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती अपुरी आहे. १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवून दिले की, श्वासाचे दैनंदिन नियंत्रण मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रमाणावर अवलंबून असते. त्यात अल्पशी वाढ झाली तरी श्वास पुष्कळ वाढतो. याच हाल्डेन यांचे पुत्र, प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ साली भारतात आले, येथेच स्थायिक झाले व पुढे भारताचे नागरिकही झाले. मानेतील रोहिणीपाशी असलेली सूक्ष्म ग्राहके रक्तातील प्राणवायूची घट टिपतात, हे बेल्जियमचे कॉर्नेल हेमन्स यांनी सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधांचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. धापेची जाणीव आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण या दोन गोष्टी एक नव्हेत. २०२० व २०२१ या वर्षांतील कोविडच्या साथीत अनेक रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली उतरला असतानाही त्यांना विशेष धाप लागत नसे. कारण त्यांचा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकला जात होता. उलटपक्षी, तीव्र भीतीच्या झटक्यात श्वास कोंडल्यासारखा वाटतो, बोटांना मुंग्या येतात, परंतु रक्तात प्राणवायूची उणीव नसते. म्हणून केवळ रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून, किंवा केवळ एका यंत्रातील आकड्यावर विसंबून, धापेविषयी निर्णय देणे योग्य नव्हे.

एक लक्षण, अनेक मुळे

श्वासविकार एकाच प्रकारचा नसतो, ही जाणीव या देशात नवीन नाही. चरकसंहितेत श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत, व श्रमाने उत्पन्न होणारा क्षुद्रश्वास हा इतरांहून सौम्य मानला आहे. प्राचीन वैद्यांपाशी आजची साधने नव्हती. पण सर्व धापा सारख्या नसतात हा विवेक त्यांच्यापाशी होता. आज साधने हाताशी असता तो विवेक हरवावा, ही खेदाची गोष्ट होय.

शेतास पाणी पोहोचत नसेल, तर शेतकरी तीन गोष्टी पाहतो: विहिरीत पाणी आहे काय, पंप चालतो काय, आणि पाट वाहता आहे काय. शरीरातील पेशींस प्राणवायू मिळण्याची व्यवस्थाही अशीच आहे. फुप्फुस हवेतून प्राणवायू घेते, हृदय रक्त ढकलते, आणि तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन तो प्राणवायू वाहून नेते. यांपैकी कोणतेही एक अंग बिघडले तरी मनुष्यास जाणवते ती एकच गोष्ट, म्हणजे धाप.

फुप्फुसाच्या विकारांत दम्याचे नाव प्रथम येते. दम्यात श्वासनलिकांचा दाह होऊन त्या आकुंचन पावतात. हे आकुंचन बव्हंशी तात्पुरते असते. म्हणून दमेकऱ्याची धाप येते व जाते, आणि रात्री वा पहाटे ती बळावते. याउलट, वर्षानुवर्षे धूर किंवा धूळ आत गेल्याने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात व वायुकोश नष्ट होतात, तेव्हा धाप हळूहळू परंतु सतत वाढत जाते. या दुसऱ्या विकारास सीओपीडी या नावाने ओळखतात. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात याचे सुमारे साडेपाच कोटी, तर दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते. न्यूमोनिया, क्षय, फुप्फुसाच्या आवरणात साठलेले पाणी, आणि बरा झालेला क्षय मागे ठेवून जातो ते व्रण, यांनीही धाप लागते.

हृदय दुर्बळ झाले म्हणजे फुप्फुसात रक्त तुंबते. अशा रुग्णास आडवे निजले असता श्वास कोंडतो. तो उशांची चवड लावून झोपतो, मध्यरात्री घाबरा होऊन उठून बसतो, आणि त्याच्या घोट्यांवर सूज दिसते. दमा समजून अशा रुग्णास केवळ श्वासनलिका रुंदावणारे औषध देत राहिल्यास मूळ रोग तसाच वाढत राहतो.

रक्तक्षयात फुप्फुस व हृदय दोन्ही सुस्थितीत असू शकतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. शंभर मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असणारा मनुष्य त्यातून सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू नेतो. तेच ७ ग्रॅम असेल तर हा आकडा निम्म्याहून खाली येतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. या पार्श्वभूमीवर कोणत्याही स्त्रीची धाप ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देणे म्हणजे मोजता येण्याजोगी गोष्ट न मोजताच विसरणे होय.

यांशिवाय मूत्रपिंडांचा विकार, कंठस्थ ग्रंथीचा विकार आणि स्थूलता हीही कारणे असतात. मधुमेह फार बळावला म्हणजे रक्तातील आम्लता वाढते व ती कमी करण्यासाठी श्वास खोल आणि जलद होतो. येथे बिघाड फुप्फुसात मुळीच नसतो. आणि व्यायामाची सवय सुटलेल्या निरोगी मनुष्यासही दम लागतो, हे खरेच आहे. परंतु ‘सवय नाही’ हा निष्कर्ष इतर कारणे वगळल्यानंतर काढावयाचा असतो.

चुकीच्या नावाची किंमत

धापेचे कारण न शोधल्याने काय घडते, याची उदाहरणे आपल्या देशाच्या वैद्यकीय इतिहासातच आहेत, आणि कारण शोधल्याने काय साधते याचीही.

दिल्लीतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी झालेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा विकार मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या वयस्क पुरुषांचा मानला जात असे. दिल्लीत तो कधीही विडीस स्पर्श न केलेल्या स्त्रियांतही आढळला, आणि संशयाची दिशा स्वयंपाकघराकडे वळली. लाकूड, शेणी व पाचोळा जाळणाऱ्या चुलीसमोर बसणारी स्त्री दिवसाचे कित्येक तास धूर आत घेत असते. हे सत्य १९५९ साली दृष्टीस पडले. स्वच्छ इंधन गरीब घरांत पोहोचविण्याची उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली. मधल्या सत्तावन्न वर्षांत किती स्त्रियांची धाप ‘दमा’ वा ‘वय’ या नावाखाली गेली असेल, याची गणती कोणी केलेली नाही. उपरोक्त पाहणीच्या वेळीही देशातील सुमारे ५९ टक्के कुटुंबेच स्वयंपाकास स्वच्छ इंधन वापरीत होती.

दगड फोडणाऱ्या, घासणाऱ्या व कापणाऱ्या कामगारांचे उदाहरण याहून कठोर आहे. गुजरातमधील खंभातचे अकीक घासणारे कारागीर, मध्य प्रदेशातील मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली तयार करणारे मजूर आणि राजस्थानातील खाणकामगार हे सर्व सिलिकाची सूक्ष्म धूळ श्वासावाटे घेत आले आहेत. ही धूळ वायुकोशांत रुतून बसते, तेथे व्रण निर्माण करते, आणि सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग जडतो. त्याची धाप व खोकला क्षयासारखा दिसतो. शिवाय सिलिकोसिसच्या रुग्णास क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो. त्यामुळे अनेकदा क्षयाची औषधे देऊन रुग्ण पुन्हा त्याच धुळीत परत पाठविला जातो. येथे चुकीच्या नावामुळे रुग्णाचा उपचार तर हुकतोच, पण त्याची नुकसानभरपाईही हुकते, आणि त्याच्या शेजारी काम करणारा मजूरही वाचत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच सिलिकोसिसची गणना सक्तीने कळवावयाच्या रोगांत केलेली होती. परंतु ज्या रोगाचे नावच लिहिले जात नाही, तो कळविणार कोण? राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगाचे निदान, प्रतिबंध व पुनर्वसन यांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, ते याच कारणास्तव स्वागतार्ह आहे.

तिसरे उदाहरण मुलांचे आहे. घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गानंतर काही मुलांना संधिज्वर होतो. त्यात सांधे दुखून बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर त्याचा ठसा राहतो. पाश्चात्त्य देशांत झडप अरुंद होऊन धाप लागेपर्यंत दशके लोटत. भारतात हे कुमारवयातच घडते, असे दिल्लीच्या डॉ. सुजय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. अशी मुलगी शाळेत खेळताना मागे पडते आणि घरचे तिला ‘नाजूक’ म्हणतात. पुढे विवाह होऊन ती गर्भवती राहिली म्हणजे हृदयावरील भार वाढतो व प्रथमच रोग उघडकीस येतो. कधी कधी तो प्राणावर बेततो. संधिज्वर वेळीच ओळखला, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन देऊन त्याचे पुढील हल्ले टाळता येतात. अरुंद झालेली झडप फुग्याच्या साह्याने, छाती न उघडता, रुंद करण्याची पद्धतही आता उपलब्ध आहे.

याच्या उलट, कारण शोधल्याने जीव वाचल्याचे ठळक उदाहरण हिमालयातील आहे. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास भारतीय सैनिक मोठ्या संख्येने अतिउंच प्रदेशात नेले गेले. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाइतकाच असतो. तेथे घाईने पोहोचलेल्या काही धडधाकट तरुणांना एक-दोन दिवसांत भयंकर धाप लागे. पूर्वी अशा आजारास न्यूमोनिया समजले जाई. प्रत्यक्षात त्यांच्या फुप्फुसांत पाणी उतरत होते. डॉ. इंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली या सैनिकांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. योग्य नाव मिळताच योग्य उपायही ठरला: प्राणवायू द्यावा, रुग्णास त्वरित खाली आणावे, आणि मुळातच उंचीवर टप्प्याटप्प्याने चढावे. आज लडाखला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशास विश्रांतीचा जो सल्ला मिळतो, त्यामागे हा अनुभव आहे.

श्वास मोजता येतो

‘ही सर्व तपासणी मोठ्या शहरांतच शक्य आहे,’ असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतःच खरा आहे. हृदयाची ध्वनिप्रतिमा किंवा फुप्फुसाचे सविस्तर चित्रण प्रत्येक गावी होणार नाही. परंतु पहिली पायरी स्वस्त आहे, आणि बहुधा तीच गाळली जाते.

सर्वांत सोपे साधन म्हणजे घड्याळ. दोन महिन्यांहून लहान बाळाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचा ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. खोकला असलेल्या मुलात असा जलद श्वास न्यूमोनियाची सूचना देतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर धोका अधिक असतो. हिंदी भाषिक प्रदेशात यास ‘पसली चलना’ म्हणतात.

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक व सुइणी यांना हे श्वासमापन शिकविले. ज्यांना मोजदाद येत नव्हती त्यांच्यासाठी मणी व वाळूचे घड्याळ असलेले एक साधे उपकरण तयार केले. न्यूमोनियाचे निदान व औषधोपचार गावातच होऊ लागले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, ज्या गावांत ही व्यवस्था होती तेथे न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण इतर गावांच्या तुलनेत सुमारे निम्मे आढळले. अक्षरओळख नसलेली सुईण जे करू शकली, ते इतरांस अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

दुसरे साधन म्हणजे योग्य प्रश्न. ‘तुम्हाला दम लागतो काय?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असे येते, कारण धाप लागू नये म्हणून मनुष्य नकळत आपले जीवन आखडून घेतो. तो चढाची वाट सोडतो, बाजारास जाणे मुलावर सोपवितो, देवळाच्या पायऱ्यांखालूनच नमस्कार करतो. म्हणून विचारावयाचे ते असे: गेल्या वर्षी जी कामे करीत होता, त्यांतील कोणती सोडली? इंग्लंडमधील चार्ल्स फ्लेचर यांनी वेल्सच्या कोळसाखाणीतील कामगारांची तपासणी करताना धापेच्या पाच पायऱ्या ठरविल्या. केवळ कठोर श्रमातच दम लागणे ही पहिली पायरी. चढावर किंवा घाईत चालताना लागणे ही दुसरी. सपाटीवर समवयस्कांच्या मागे पडणे ही तिसरी. शंभरेक पावलांनंतर थांबावे लागणे ही चौथी. आणि कपडे बदलतानाही धाप लागणे ही पाचवी. ही नोंद ठेवण्यास कागद व पेन्सिल पुरते.

तिसरे साधन हिमोग्लोबिनची तपासणी. चौथे, श्वासमापक म्हणजेच स्पायरोमीटर. हे यंत्र जॉन हचिन्सन यांनी १८४६ सालीच लोकांपुढे ठेवले. तरीही आज भारतात असंख्य रुग्ण त्यात एकदाही फुंकर न घालता आयुष्यभर ‘दमेकरी’ म्हणून औषध घेतात. रक्तदाब न मोजता रक्तदाबाचे औषध चालू ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे.

बोटास लावावयाचे प्राणवायुमापक कोविडच्या काळात घरोघरी पोहोचले. ते उपयुक्त आहे, पण त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. ते हिमोग्लोबिनचा किती भाग प्राणवायूने भरला आहे एवढेच सांगते. हिमोग्लोबिन मुळात किती आहे हे सांगत नाही. म्हणून तीव्र रक्तक्षयातही ते उत्तम आकडा दाखवील. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविल्याने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या मनुष्यातही ते फसते. त्वचेचा रंग गडद असल्यास ते प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवू शकते, हेही २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले आहे. यंत्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

आक्षेप आणि कर्तव्य

आणखी एक आक्षेप असा की, लोकांस धापेविषयी इतके सांगितल्यास ते विनाकारण भयभीत होतील. परंतु भय अज्ञानातून अधिक उपजते. डोंगर चढताना लागलेला दम विसाव्यानंतर काही मिनिटांत ओसरत असेल, तर त्यात चिंतेचे कारण नाही. मात्र पूर्वी सहज होणाऱ्या कामात दम लागू लागला, तो आठवड्यामागून आठवडे टिकला, आडवे निजणे अशक्य झाले, किंवा पायांवर सूज आली, तर डॉक्टरांकडे जावे. एकाएकी लागलेली तीव्र धाप, छातीत दुखणे, ओठ वा नखे निळी पडणे, वाक्य पुरे न करता येणे, भ्रम किंवा ग्लानी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक बहुतेक राज्यांत याच प्रसंगांसाठी आहे.

निदान झाल्यावरही एक अडथळा उरतो, तो गैरसमजाचा. दम्याचे औषध श्वासावाटे घ्यावे लागणे ही रोगाची शेवटची अवस्था आहे, त्याची सवय लागते, मुलीच्या हाती ते दिसले तर तिचे लग्न जमणार नाही, असे समज देशाच्या सर्व भागांत आढळतात. वस्तुतः श्वासावाटे घेतलेले औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने ते अत्यल्प मात्रेत पुरते. गोळीचे औषध सर्व शरीरातून फिरून तेथे पोहोचते व त्याची मात्रा पुष्कळ अधिक लागते. धाप लागली की तेवढ्यापुरते श्वासनलिका रुंदावणारे औषध घ्यावयाचे आणि दाह शमविणारे औषध मात्र टाळावयाचे, ही सवय तर धोक्याची आहे.

सरकारी व्यवस्थेकडून अपेक्षा मर्यादित परंतु ठाम असावयास पाहिजेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात श्वासाची गणना रुग्णाच्या कागदावर लिहिली जावी. धाप लागणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे हिमोग्लोबिन तपासले जावे. रुग्ण कोणते काम करतो व घरात कशावर स्वयंपाक होतो, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ‘दमा’ किंवा ‘क्षय’ हा शब्द लिहिला जाऊ नये. तालुक्याच्या रुग्णालयात एक चालू स्थितीतील स्पायरोमीटर आणि ते वापरणारा शिकलेला मनुष्य असावा. यांपैकी कोणतीही गोष्ट देशाच्या ऐपतीबाहेरची नाही.

शाळांचा वाटा याहूनही सोपा आहे. विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांनी एकमेकांचे श्वास एक मिनिट मोजावेत. मग मैदानास एक फेरी मारून पुन्हा मोजावेत, आणि श्वास पूर्ववत होण्यास किती वेळ लागला ते वहीत लिहावे. वर्गातील एखादी मुलगी इतरांहून फार उशिरा सावरत असेल, तर शिक्षकाच्या ते ध्यानात येईल व तिची तपासणी वेळेवर होईल. आणि हेच विद्यार्थी संध्याकाळी घरी चुलीपुढे बसलेल्या आजीचे श्वास मोजतील, तेव्हा तिला दम का लागतो हा प्रश्न त्या घरात बहुधा प्रथमच विचारला जाईल. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी तिला दवाखान्यात नेणे हे मग मोठ्यांचे काम आहे.